पडले नाही, असे सांगितले

"पडला, आपटला, भिजला, का कुनी खोलला?"

कुणाचाही कॉम्प्युटर असो, काकांचे आधी हे चार प्रश्न. उत्तरं मिळेपर्यंत ते बटणाला हात लावायचे नाहीत. बरं, उत्तर नुसतं तोंडी चालायचं नाही. ते आपल्या लांबोड्या वहीत लिहून घ्यायचे, समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि खाली सही करायला लावायचे. कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागतो, एवढीच तक्रार घेऊन आलेला माणूस त्या सहीनं पार गांगरून जायचा. "पोलिसात जबाब दिल्यासारखं वाटतं हो," असं आमच्या अष्टमी गावातला फोटो स्टुडिओवाला मला म्हणाला होता. तेव्हा मी हसले होते. पुढे स्वतःवर वेळ आली तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. अष्टमीत आईच्या घराला लागून त्यांचं घर, मधे नुसतं तगरीचं कुंपण. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी ऑपरेटर म्हणून सारी नोकरी काढली. त्या कंपनीचं नाव त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, नुसतं 'कंपनी'. जुनी पॅनेलं जाऊन तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या वयाच्या लोकांनी हाय खाल्ली. काका मात्र हट्टानं शिकले. रिटायर झाल्यावर गावातले कॉम्प्युटर बघायला लागले ते नुसत्या चहावर. तोही मशीन नीट चालू झाल्यावर. आधी कुणी कप पुढे केला तर हातानं बाजूला सारून म्हणायचे, "स्टार्टअपमदी चा नाय."

कॉम्प्युटरला ते प्लांट म्हणायचे. "प्लांट थंड हाय का गरम?" असं विचारून पोराचा ताप बघावा तसा मशीनच्या डब्यावर तळवा ठेवायचे. मग घड्याळ काढून टेबलावर, शेजारी वही. पहिली तीन स्टार्टअप नुसती बघायची, हा त्यांचा नेम. बटण दाबलं किती वाजता, पडद्यावर मशीनच्या कंपनीचं चित्र आलं किती वाजता, माउसचा बाण हलायला लागला किती वाजता, सगळं मिनिट-सेकंदानिशी लिहायचं. मग बंद. मग पुन्हा. तिसऱ्या वेळेपर्यंत मालक कंटाळून बाहेर जाऊन यायचा. "आदी बघायचं, मंग हात लावायचा," हे ते आपल्याशीच बोलत असायचे.

पण त्या बघण्यातूनच त्यांना सापडायचं. फोटो स्टुडिओच्या मशीनमधे तीसेक प्रोग्रॅम असे होते, की मशीन चालू झालं रे झालं की सगळेच्या सगळे एकदम उठायचे. काका म्हणाले, "दुसऱ्या शिफ्टच्या चार बशी एका टायमाला आल्या नि गेट हाय एक. कार्ड पंच कुनी करायचा?" त्यांनी एकेकाला बाहेर ठेवलं आणि अकरा मिनिटांचं काम दीड मिनिटावर आणलं. एका क्लासवाल्या मास्तरांनी चारही प्रश्नांना छातीठोक 'नाही' म्हणून सही केली होती. त्यांच्या डब्याच्या मागे पेनड्राइव्ह अडकलेला निघाला. मशीन रोज सकाळी आधी त्यातच काही मिळतंय का ते चाचपत बसायचं. काकांनी वहीत लिहिलं, "पेनड्राइव्ह मागे लावलेला होता. मालकांस ठाऊक नव्हते, असे मालक म्हणतात." आणि हे वाक्यही मास्तरांना वाचून दाखवलं. पुढे कितीतरी दिवस मास्तर काकांना बघून रस्ता बदलायचे.

घरी तरी वेगळं काय होतं? स्वयंपाकघरात खिळ्याला एक वही टांगलेली. कंपनीत शिफ्ट बदलताना देतात तसा काकी घराबाहेर जाताना घराचा 'चार्ज' लिहून द्यायच्या आणि काका वाचून सही करायचे. मी एकदा साखर मागायला गेले तेव्हा ती वही वाचली होती. काकींनी लिहिलं होतं, "दूध तापवलं आहे. मीठ संपलं आहे. मी रागावले आहे." खाली काकांची सही आणि 'वाचले'. काकींना म्हटलं, कशाला हे सोसता, तर म्हणाल्या, "अगो, एक दिवस नाय लिवला तर मानूस जेवत नाय. आता काय करू?" त्या हसत नव्हत्या.

आणखी एक नेम होता. रोज संध्याकाळी पाच वाजता काका हातात पेपर घेऊन पूल ओलांडून रोह्यात जायचे. तिथे नदीकाठच्या आळीत एक गृहस्थ राहतात, आम्ही त्यांना पुलापलीकडचे मामा म्हणतो. ते काकांच्याच कंपनीत होते. अंगावर ॲसिड उडून त्यांचे दोन्ही डोळे गेले, त्याला आता तीस वर्षं होत आली. काका त्यांना पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पेपर वाचून दाखवायचे, निविदा सूचनांसकट. पूल पाण्याखाली गेला तेवढेच दिवस खंड. गावात सगळे म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी. मीही तेच म्हणायची.

आता माझं सांगते. लग्न होऊन मी पेणला आले आणि खाडीकडच्या एका शाळेत क्लार्क झाले. मी मुळात घाबरट. साधं पत्र टपालात टाकलं तरी पत्ता बरोबर लिहिला ना, म्हणून रात्रभर तळमळणारी. अशा बाईच्या हाती त्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरं आली. शाळा सुरू झाल्यापासून ज्यानं ज्यानं पाऊल ठेवलं त्याचं नाव, जन्मतारीख, जात. अशा नऊ वह्या. एका मे महिन्यात पंख्याखाली बसून मी त्यांचं पान न् पान स्कॅन करून ऑफिसच्या कॉम्प्युटरमधे भरलं. बरं झालं म्हणायचं. कारण त्याच पावसाळ्यात खाडीचा बांध फुटून शाळेत पाणी शिरलं आणि उरल्यासुरल्या पानांचा वाळवीनं भुगा केला. मुख्याध्यापक सर म्हणाले होते, याची एक कॉपी बाहेर कुठेतरी ठेवा. ठेवते ठेवते म्हणत माझ्याकडून राहून गेलं.

आणि मग त्या कॉम्प्युटरचा डबा पडला. तपासणी येणार म्हणून मी ऑफिसातली टेबलं सरकवत होते. डबा स्टुलावर होता, चालू होता, वायर माझ्या पायात आली आणि तो फरशीवर आडवा झाला. खोलीत मी एकटीच. उचलून पुन्हा ठेवला, बटण दाबलं, चालू झाला. देवाला हात जोडले आणि कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो उशिरा सुरू व्हायला लागला. आधी पाच मिनिटं. मग नऊ. मग चौदा. सरांनी विचारलं तर मी म्हणायची, अपडेट चालू असेल. सकाळी बटण दाबून मी खुर्चीत श्वास धरून बसायची. पडदा काळाच राहिला की मिनिटं मोजायची. एकदा तर डबीर बाई खडू मागायला आल्या आणि मी त्यांच्यावर उगीचच वसकन ओरडले.

त्यातच सुप्रिया आली. आमचीच माजी विद्यार्थिनी, कातकरी वाडीतली. तिला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण जातपडताळणीसाठी आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा हवा होता. आजोबा आमच्याच शाळेत दोन वर्षं शिकलेले. त्यांची जात सांगणारा दुसरा कागद त्या घरात नव्हता. सोमवारी समितीपुढे जायचं होतं. ती बुधवारी आली तेव्हा मशीन अर्धा तास नुसतं घरघरलं आणि बंद पडलं. मी तिला म्हटलं, शनिवारी ये. ती म्हणाली, "मिळंल ना बाई? नायतर शीट जाईल." मी म्हटलं, मिळेल ना, न मिळायला काय झालं. ती गेल्यावर मी बाथरूममधे जाऊन रडले. पेणमधल्या एका दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, फॉरमॅट मारू, सगळं साफ होईल. ते ऐकून मी फोनच ठेवला. मग काकांना फोन केला.

शनिवारी सकाळची शाळा. काका रोह्याहून गाडीनं पेणला उतरले, तिथून रिक्षानं आले. खांद्याला रेक्झिनची बॅग, तिच्यात वही, पेचकस, धूळ झाडायचा रंगाचा ब्रश आणि घरची भाकरी. खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला.

"पडला, आपटला, भिजला, का कुनी खोलला?"

"नाही."

"चारीला नाय?"

"चारीला नाही."

माझ्या लहानपणापासून ओळखत होते मला. जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं आणि वाचून दाखवलं, "पडले नाही, असे सांगितले." मी सही केली. माझीच सही, पण ती मला दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

पहिलं स्टार्टअप. अकरा पाचला बटण. चित्र आलं अकरा नऊला. मग नुसता काळा पडदा आणि आतून आवाज. टक. जरा थांबून टक टक. काकांनी कान डब्याला लावला. माउसचा बाण हलला तेव्हा सतरा मिनिटं झाली होती. त्यांनी लिहिलं आणि मशीन बंद केलं.

दुसरं स्टार्टअप. आता टक टक जास्त. सव्वीस मिनिटं. काका नेहमी काहीतरी पुटपुटत असायचे, तेही थांबले होते. मला म्हणाले, "गो, ह्यो आवाज बरा नाय. डिस्क चाचपडतेय. पडलेली असती ना, तर मी बटनाला बोट लावला नसता. पडलेल्या डिस्कचा दर स्टार्टअप म्हंजे आतली पानं खरवडायची. पन तू नाय म्हनतेस."

मी मान वळवली. खिडकीतून व्हरांडा दिसत होता. सुप्रिया आणि तिचे वडील येऊन बाकावर बसले होते. वडिलांनी धुतलेला सदरा घातला होता. सुप्रियाच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती आणि ती तिची कड सारखी नखानं सरळ करत होती.

"तिसरा," काका म्हणाले आणि त्यांचं बोट बटणाकडे गेलं.

"काका, पडला होता."

बोट तिथेच थांबलं.

"माझ्या पायानं पडला. चालू असताना पडला. मी कुणालाच सांगितलं नाही." मग मला रडूच फुटलं. दोन स्टार्टअप माझ्यामुळे वाया गेली होती आणि त्यात त्या पोरीच्या आजोबांचं काय झालं असेल, हे मला कळत होतं.

मला वाटलं, आता चिडणार. काकांनी उठून आधी भिंतीतला प्लग काढला. मग वही माझ्यापुढे ठेवली. "लिव. टाइम टाक, सही कर." मी लिहिलं, "पडला होता. मी सांगितलं नाही." त्यांनी वाचलं आणि डब्याचे स्क्रू काढता काढता, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"कंपनीत एक मानूस व्हता. पयल्या शिफ्टचा. तीनला सुट्टी. एका पंपाचा व्हॉल्व्ह बंद दिसायचा पन धरत नव्हता, पाइपाच्या लाइनीत ॲसिड ऱ्हायलेला. त्याला ठाव व्हता. लॉगबुकात एक ओळ लिवायची, बास. पन बस गेटावर भोंगा मारत व्हती, चुकली तर घरी जायाला तीन तास. त्यानं म्हटला, पुढच्याला वाटंत सांगू. वाटंत कुनी भेटला नाय. दुसऱ्या शिफ्टवाल्यानं लॉगबुक बघितला, कोरा. म्हनून त्यानं लाइन खोलली."

"मग?"

"मग काय. त्यानं बुक वाचूनच खोलली ना. त्याची काय चूक."

पुढे विचारायची सोय नव्हती. डिस्क हातात घेऊन ते उठले. अंड्यांची टोपली न्यावी तशी ती दोन्ही हातांनी धरून संगणक कक्षात गेले आणि तिथल्या एका धडधाकट मशीनला दुसरी डिस्क म्हणून जोडली. "आता एकच टाइम मिळंल. सगळा एकदम नाय उचलायचा. आदी कनचा?"

नऊ वह्या त्यात होत्या. शेकड्यांनी माणसं. मी म्हटलं, "चार नंबरची वही. पान एकशे बारा." मला ते पान पाठ झालं होतं.

पडद्यावर कॉपीची हिरवी पट्टी सरकायला लागली आणि मधेच थांबली. टक. टक टक. काकांनी माझा हात धरला, की मी त्यांचा, आठवत नाही. तीनेक मिनिटं ती पट्टी जागची हलली नाही. मग सरकली. मी पान उघडलं. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर, कडेला कसरीनं पाडलेलं एक भोक, आणि त्या भोकाला खेटून आजोबांचं नाव आणि जात. मी प्रिंट काढून सरांच्या सहीला पळाले. सुप्रियानं उतारा हातात घेतला आणि आधी वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी तिला तो पुन्हा वाचायला लावला.

बाकीच्या वह्या काका एकेक करून ओढत होते. साडेसहा वह्या आल्या आणि डिस्क गप्प झाली, ती कायमची. अडीच वह्या गेल्या. त्यात कुणाकुणाचे आजोबा होते, हे अजूनही कुणी दाखला मागायला आलं की माझ्या मनात येतं. सरांना मी त्याच दिवशी लेखी दिलं. मला मेमो मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. काकांनी दीड वाजता चहा घेतला, भाकरी खाल्ली आणि दोनची एसटी पकडली. पाचला त्यांना पेपर वाचायला पोचायचं होतं.

गेल्या वर्षी काका गेले. चार दिवसांचा ताप झाला आणि गेले. मी अष्टमीला गेले तेव्हा काकींनी त्या लांबोड्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "सांगून ठेवलंन, चार्ज तिच्याकडे द्यायचा. मी काय बाय करू ह्यांचा?"

मी आधी माझं पान शोधलं. लाज माणसाला तिथेच नेते. माझी ओळ होती, माझी सही होती. आणि खाली, त्या दिवशी नव्हती अशी आणखी एक ओळ, काकांच्या ठाशीव अक्षरात.

"दोन नंबर पंपाचा व्हॉल्व्ह बंद दिसतो, पण धरत नाही. लाइनीत ॲसिड आहे. खोलू नये." पुढे वेळ, दुपारचे दोन पन्नास. आणि सही.

त्या दिवशी दोन पन्नासला आमच्या शाळेत कसला पंप नि कसला व्हॉल्व्ह? मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पहिली शिफ्ट तीनला सुटते. 'एक मानूस व्हता' म्हणाले होते, तो माणूस माझ्यासमोर बसून स्क्रू काढत होता. तीस वर्षं रोज पूल ओलांडून ते त्याच मामांकडे जात होते, सगळा पेपर वाचत होते, आणि ही एक ओळ तेवढी त्यांना वाचता आली नव्हती. मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

वही घेऊन मी पुलावर तीनदा थांबले. न वाचता परत जावं, म्हाताऱ्या माणसाला आता कशाला त्रास, असं मला वाटत होतं. पण चार्ज माझ्याकडे दिला होता.

मामा ओट्यावर बसले होते. मी कोण ते सांगितलं.

"पेपर आनलास?"

"नाही मामा. काकांची वही आणलीय. त्यात तुमच्यासाठी एक ओळ आहे."

"वाच."

मी वाचली. पंप, व्हॉल्व्ह, लाइन, खोलू नये. मामांचे हात गुडघ्यांवर होते ते तसेच राहिले. आतून कुकरची शिट्टी झाली. समोरचा माणूस शिव्या देईल की रडेल, मला काही कळेना.

"टाइम टाकलाय?" त्यांनी विचारलं.

"टाकलाय. दोन पन्नास."

"सई?"

"आहे."

"मंग खाली लिव. चार्ज घेतला."

मी लिहिलं. त्यांनी हात पुढे केला. मी पेन दिलं आणि त्यांचं बोट धरून ओळीच्या खाली टेकवलं. त्यांनी सावकाश सही केली.

"सरळ आली का?"

"नाही मामा. काकांच्या ओळीवर चढलीय."

"असूं दे," ते म्हणाले.